मिथुनच्या रक्ताची बाटली

४ मार्च १९९६
आलो एकदाचा वाशीत! लॅब एपीएमसी मार्केटच्या मागे, कांद्याचा वास थेट लिफ्टपर्यंत. आत मात्र सगळं चकाचक. अम्मीला फोनवर ऐटीत सांगितलं, तुझा नदीम आता लहान मुलांच्या रक्तातले जंतू शोधतो. ती म्हणाली, आधी वेळेवर जेवत जा.

७ मार्च
दिघ्याचा मिथुन, दीड वर्षांचा. कॅन्सरच्या औषधांनी पार गळालाय, ताप हटत नाही. रक्तात बुरशी असेल, असा त्याच्या डॉक्टरांना संशय. त्याची आई गोजरा त्याचे पाय धरून बसली, मी रक्त काढलं आणि कल्चरच्या बाटलीत भरून उबेला ठेवलं. बुरशी असली तर वाढून दिसेल. गोड पोरगं आहे, रडतानाही माझं पेन सोडेना.

११ मार्च
बाटलीत पांढरे पुंजके! लॅबच्या साहेबांना दाखवले तर ते हसले. म्हणाले, ही हवेतली घाण, तुझ्याच हातून गेली. असलं कळवून लॅबचं नाव घालवायचं नाही. बेसिनमध्ये ओत आणि लिही, 'वाढ नाही'. इथली रीतच आहे म्हणे. माझे हात स्वच्छ होते. पण नव्या नोकरीत वाद कोण घालणार? ओतलं.

१९ मार्च
मिथुन गेला. मुंबईच्या हॉस्पिटलात रक्तात बुरशी सापडली, पण फार उशिरा. आज गोजरा आली. रडली नाही. मी पाणी दिलं तर 'पानी नको' म्हणाली. पदराखालून त्याची दुधाची बाटली काढली. 'माजे पोराचा रगात यात भरून द्या.'
साहेबांनी तिला सांगितलं, ते टाकून दिलं.
'मंग ज्यांनी टाकला, त्यांचा नेन.'

२३ मार्च
बेसिनमध्ये पांढरी लव. अ‍ॅसिड ओतून घासली, चहा पिऊन येतो तर पुन्हा तेवढीच. समोरच्या बाकावर गोजरा. वॉचमन म्हणतो, बाक रिकामं आहे.

२६ मार्च
साहेबांना ताप. त्यांचं रक्त मीच कल्चरला लावलं. नवी मुलगी आलीय, शायमा. तिलाही रीत शिकवली, पांढरं दिसलं की ओतायचं. दुसरं काय शिकवणार?

३० मार्च
साहेबांची बाटली स्वच्छ. खरंच वाढ नव्हती, अल्लाची शपथ. पण माणूस गेला— रक्तभर बुरशी, हॉस्पिटलवाले म्हणाले.

२ एप्रिल
मला ताप. माझंही रक्त लावलं. घशात पांढरं, आवाज फुटत नाही—

६ एप्रिल
माझ्या बाटलीत पुंजके. दिसतायत— म्हणजे औषध मिळेल, वाचेन—
शायमाने उचलली. हसली. नदीमभाई, घाण गेली वाटतं तुमच्या हातून, म्हणाली.
बेसिनकडे निघाली. ओरडतोय, आवाजच—
बेसिनखाली गोजरा बसलीय. पाइपाला दुधाची बाटली लावून—
शायमा, ओतू नको, ते माझं—