नागपूरला ऐकू येत नाही

६ जानेवारी १९७४, रविवार
सकाळी साडेसातला हॅम रेडिओचा सेट लावला. पाचही स्टेशनं आली. नागपूरचे दादा, भिलाईचे केलकर, रायपूरचे डॉ. अरविंद, जबलपूरचे फडके, कलकत्त्याहून मी. आठवड्यातला हा एकच तास असा की माझं मराठी कुणाला समजावून द्यावं लागत नाही. घरात अजित निम्मं बंगालीत उत्तर देतो.
नेहमीप्रमाणे दादांनी एकेकाला पुकारलं. अरविंद म्हणाले, रायपूरला थंडी एवढी की पेशंट घरीच बरे व्हायला लागलेत, माझं कसं व्हायचं. त्यावर दादा अगदी गंभीरपणे, "छान. किती फुटांवर बांधली?" त्यांना एरियलचं काहीतरी ऐकू आलं असावं.
बाकीचे हसले असणार. एअरवर हसू ऐकू येत नाही. हसताना माइकचं बटण कोण दाबतं?

१३ जानेवारी
उद्या संक्रांत. तीळ भाजायचे राहिलेत.
दादांनी केलकरांना तीनदा पुन्हा सांगायला लावलं. मग फडके बोलत असताना मध्येच स्वतः सुरू झाले. दोघांचे आवाज एकावर एक, नुसती शिट्टी. दुसऱ्याचं संपेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, हा नियम दादांनीच घालून दिलेला. फडके थांबले. त्यांची पाळी पुन्हा आली तेव्हा फक्त "सगळ्यांना नमस्कार" म्हणाले.
मी सावकाश आणि मोठ्यानं बोलते, तेवढं दादांना कळतं. अजित आतून, "आई, तू कोणासंगे झगडा करतेस?"

१६ जाने.
जिन्यात मित्रबाबू भेटले, खालच्या मजल्यावरचे. "बौदी, रविवारी रेडिओवर बातम्या लावल्या की त्यात तुम्ही." माफी मागितली. म्हणाले, असू द्या, गिन्नीला, म्हणजे बायकोला, आवडतं, शब्द एक कळत नाही तरी ऐकते. आता विचारते, हे नागपूर नागपूर कोण?
शाळेतून येताना ट्रॅममध्ये बागबाजारपासून उभी. पाय गेले.

२७ जानेवारी
नेट, म्हणजे रविवारची ही बैठक, संपली, दादांनी निरोप घेतला नि केलकर म्हणाले, "ताई, जरा पाच वर या." काटा पाच किलोसायकल वर सरकवला. सगळे तिथे आधीच.
केलकरांचं म्हणणं: पुढच्या रविवारपासून आपण सातला इथे जमू. साडेसातचं ज्याला जमेल त्यानं करावं. दादांना सांगायचं नाही, वाईट वाटेल.
अरविंद म्हणाले, "ताई, तुम्ही पण या. तुमच्याशिवाय इथे सगळे बुवा."
बघते म्हटलं.

३ फेब्रु.
सातला गेले. खरं लिहायचं तर बरं वाटलं. कुणी काही परत विचारत नाही. फडक्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, मांडवात मुलगा मुलीपेक्षा दोन बोटं बुटका दिसेल म्हणून फडके टाचेचे बूट शोधतायत. अरविंद म्हणाले मुलीला खड्ड्यात उभी करा, मजूर मी पाठवतो. मी हसले. चुकून बटण दाबलेलं होतं, सगळ्यांना ऐकू गेलं.
साडेसातला जुन्या जागी. दादा वेळेवर. भिलाईला पुकारलं, थांबले. जबलपूर, थांबले. रायपूर. अरविंद आले, नमस्कार करून पेशंट आलाय म्हणून गेले. मग मी.
"कुमुद, आज कंडिशन्स बऱ्या दिसत नाहीत."
"हो दादा."

१० फेब्रु.
सकाळपासून लोडशेडिंग. दोन्हीकडे गेले नाही. बरं झालं असं वाटलं आणि मग दिवसभर काही गोड लागलं नाही.

१७ फेब्रु.
साडेसातला मी एकटी. दादांनी चौघांना पुकारलं, प्रत्येकानंतर पुरेसं थांबून. एकाला टाळून दुसऱ्यावर उडी मारायची नाही, ही त्यांची शिस्त. मग मला अर्धा तास समजावलं की सूर्यावरचे डाग सध्या कमी झालेत, दोन-तीन वर्षं आवाज नीट पोचणार नाहीत, बँडची अवस्था अशीच राहणार, केलकरला सांग निराश होऊ नको.
हे सगळं खरं आहे. डाग कमी झालेतच. पण भिलाई ते नागपूर एवढ्याशा अंतराला सूर्य काय करणार, हे दादांना माझ्याहून जास्त कळतं. कळायला हवं.
शेवटी म्हणाले, "तू तरी येतेस."

२० फेब्रु.
मित्रबाबू पुन्हा. या वेळी तक्रार नाही. गिन्नी म्हणते, बौदी आधी हसायच्या, आता नुसत्या ओरडतात. घरी सगळं ठीक ना?
ठीक म्हटलं. त्यांनी बळेच नोलेन (खजुराच्या) गुळाच्या संदेश मिठाईचा एक तुकडा हातावर ठेवला. जिन्यातच खाल्ला.

३ मार्च
दादांनी एरियल उंच केलं. बहात्तराव्या वर्षी स्वतः गच्चीवर चढून. नवीन बांबू, नवीन तार. गुडघा दुखावला, मुलगा रागावला, सून दोन दिवस बोलत नाहीये. हे सगळं हौसेनं सांगत होते. त्यांना वाटतंय त्यांचाच आवाज पोचत नाही, म्हणून लोक येत नाहीत.
"आता कसा येतोय मी? खरं सांग."
"एकदम स्वच्छ, दादा."
खोटं नाही. पण पहिल्यापासून स्वच्छच होता.

५ मार्च
हे बजबजहून उशिरा आले. गाडी वाटेत तासभर उभी होती. जेवताना यांना दादांचं सांगितलं.
"सांगून टाक. नाहीतर जाणं बंद कर."
दोन्ही यांना सोपं वाटतं. ताक मागितलं, प्याले, झोपले. माझीही दमणूक आहेच, पण ती रविवारची, तिला कोण विचारतं.

१० मार्च
सातला विषय काढला. म्हटलं, दादा गच्चीवर चढले, उद्या पडतील, आपण हे काय करतोय?
मग केलकर.
"ताई, मी काय दुष्ट आहे का? रात्रपाळी करून येतो, न झोपता इथे बसतो. एक तास मिळतो. तो मी 'पुन्हा सांगा, पुन्हा सांगा' ऐकण्यात घालवू? दिवाळीत मीच त्यांना म्हटलं होतं, दादा, कान दाखवून घ्या. तर म्हणाले, तुझा माइक खराब आहे. मी माइक बदलला. नवा माइक आणला, ताई."
हे मला माहीत नव्हतं. फडके म्हणाले, अशा गोष्टी एअरवर बोलू नयेत. अरविंदांनी विनोद केला नाही.
साडेसातला गेले. दादांनी गुडघ्याला निर्गुडीचा शेक चालू आहे म्हणून सांगितलं.

१७ मार्च
घसा बसलाय. पाचवी ते आठवी चारही वर्ग, शिवाय पंखे बंद असल्यानं खिडक्या उघड्या, रस्त्यावरच्या आवाजाच्या वर शिकवायचं. आज दादांशी ओरडणं शक्य नव्हतं. न जावं असं ठरवत होते. मग मोर्स-की, तारायंत्राचा तो खटका, बाहेर काढली. किती महिन्यांत हात लावला नव्हता, धूळ. ठोकलं, रोमन अक्षरांत मराठी, दादांनीच लावलेली पद्धत: घसा बसला आहे.
मग दादा. मोर्समध्येच. झरझर. "मास्तरणीचा घसा बसला म्हणजे शाळेला सुट्टी. मिठाच्या गुळण्या कर. तुझी टी ची रेघ अजून लांब पडते."
एकही अक्षर त्यांनी चुकवलं नाही. मुद्दाम वेग वाढवला, तरी नाही. तो एकसारखा जाड सूर त्यांच्या कानाला लागतो, माणसांचे आवाज लागत नाहीत. असं काही असेल हे मला, फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला, इतक्या महिन्यांत सुचू नये.
पाऊण तास बोललो. लायसन्स मिळालं त्या हिवाळ्यात रोज पहाटे माझं अडखळतं मोर्स ऐकून सुधारायचे, तेच दादा. चेष्टा करणारे. मधल्या काळात त्या दादांना लोक विसरले होते, मीही.
हात दुखतोय. झोप लागली दुपारी.

२४ मार्च
सातला उत्साहानं सांगितलं. अर्धा तास मोर्स ठेवू, दादा पूर्वीसारखे होतील.
फडके: माझं मोर्स परीक्षेपुरतं होतं. अरविंद: मला फक्त एसओएस येतं ताई, तेही बायकोला उद्देशून. केलकर: हे बोलण्याचं नेट आहे.
कोणी वाईट बोललं नाही. उलट फार सभ्य. एकमेकांच्या मागून नीट पाळीनं नाही म्हणाले.
साडेसातला दादा. मोर्समध्ये. आज इकडचं तिकडचं काही नाही. ठोकलं,
"काल रात्री जबलपूर, भिलाई दोन्ही दुसऱ्या लोकांशी बोलत होते. काट्यावर जोर पुरेपूर. बँड बंद नाही. मग लोक कुठे आहेत?"
माझा हात मोर्स-कीवर होता. स्वयंपाकघरात दूध उतू गेलं, वास आला. "दूध" एवढं ठोकलं आणि सेट बंद केला.

२८ मार्च
शाळेत पेपर तपासताना दोनदा बेरीज चुकले.
सांगितलं तर केलकरांचा विश्वास मोडते. नाही सांगितलं तर दादा आणखी काहीतरी उंच करतील. अजितला विचारलं, तुझ्या क्रिकेटच्या टोळीत कुणाला न सांगता दुसरीकडे खेळायला गेलात तर? म्हणाला, "त्याला कळतंच, मा. तो रोज येऊन बसून असते ना मैदानात."
"असतो," मी म्हटलं.
"असतो," तो म्हणाला.

३१ मार्च
सांगितलं. मोर्स-कीवर. "सात वाजता. पाच वर. फेब्रुवारीपासून. मीसुद्धा."
मग त्यांनी फक्त आर पाठवला. मिळालं, याचं एक अक्षर. त्यानंतर नाव नाही, निरोप नाही, नमस्कार नाही. दादांनी नमस्कार न करता सेट बंद केल्याचं मला आठवत नाही.
सातच्या लोकांना मी काही बोलले नव्हते. म्हणजे तिकडेही लबाडी, इकडेही.

७ एप्रिल
साडेसातला दादा नाहीत. आठपर्यंत बसले. पुकारलं, तोंडानं आणि मोर्सनंही. तारीख बघितली, रविवारच होता.
नऊला लोडशेडिंग.

१४ एप्रिल
सातला सगळ्यांना सांगून टाकलं की मी दादांना सांगितलं.
केलकर शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही आम्हाला विचारायला हवं होतं."
"तुम्ही दादांना विचारलं होतं?"
बोलायला नको होतं. फडक्यांनी ताबडतोब कैऱ्यांचा विषय काढला. यंदा मोहर कमी. सगळे मोहरावर बोलले. मी पण बोलले, कलकत्त्यात बसून त्यांच्याकडच्या मोहराचं काय कळणार तरी.
अरविंद शेवटी, पाळी नसताना, "त्यांची तब्येत कोणी विचारली का?" नागपूरला कुणाचं कोणी ओळखीचं नाही. इतकी वर्षं रविवारी भेटतो, दादांचा चेहरा आमच्यापैकी कुणीही पाहिलेला नाही.
साडेसातला दादा नाहीत.

२१ एप्रिल, रविवार
उकाडा. पहाटे पाचला लाइट गेले, सातच्या जरा आधी आले. यायला नको होते असंही वाटलं. सेट गरम व्हायला वेळ लागला, सुरुवात हुकली.
केलकरांचं पुकारणं चालू होतं. रायपूर. जबलपूर. कलकत्ता. मी हजेरी दिली. मग ते काही वेळ थांबले. पुढे पुकारायला कोणी उरलेलं नव्हतं, तरी थांबले. तेवढ्यात आमच्या त्या जागेवर, सगळ्यांच्या वरताण जोरात, मोर्स. सावकाश, शाळेत शिकवावं तसं सुटं सुटं, अडाण्यालाही कळेल असं.
"नागपूर. सर्वांना नमस्कार. बोला. मी बसतो."
केलकरांनी बटण दाबलं. मग म्हणाले, "नागपूर, ऐकलं." आणि लगेच त्यांच्याही ध्यानात आलं असणार की हे बोललेलं नागपूरला पोचणार नाही. सोडून दिलं.
मी मोर्स-कीकडे हात नेला. मी उत्तर देणं सोपं होतं. म्हणूनच थांबले.
इतक्यात कुणीतरी मोर्स सुरू केलं. इतकं वाईट मोर्स मी कधी ऐकलं नाही. एक अक्षर, चूक, खोडण्याचे ठिपके, पुन्हा तेच अक्षर, पुन्हा चूक. कुणाचा हात ते ओळखता येईना, फडके की अरविंद की केलकर. तिघांचाही हात कधी ऐकलेलाच नाही. दादा मध्ये एकदाही बोलले नाहीत. नमस्कार हा एक शब्द पुरा व्हायला किती वेळ लागला देव जाणे. खाली सही नाही.
मग दादांचं, पूर्वीच्या वेगानं, "आर चुकला. पुन्हा."
आणि ते जे कोणी होतं, त्यानं पुन्हा ठोकायला घेतलं. नमस्का, इथपर्यंत आलं आणि आमच्याकडचे लाइट गेले.