वीट आणि बाकीची कुलपं

२ फेब्रुवारी, सोमवार
आमच्या गल्लीतल्या सुताराची पिकअप चोरीला गेली. भरदिवसा. तो आत चहा पीत होता, बाहेरून गाडी गेली. मला खूप वाईट वाटलं. मग लक्षात आलं की हाच आपला चान्स आहे.

आमचीही पिकअप आहे, गाद्या पोचवायची. बाबांचा गुडघा आता क्लच दाबायला नाही म्हणतो, म्हणजे गाडी कोणाच्या तरी हातात जाणार. कोणाच्या तरी म्हणजे माझ्या. दुसरी उमेदवार ताई. ती दुकानात शिलाई बघते, गिऱ्हाईक बघते आणि उरलेल्या वेळात मला बघून घेते. लायसन्स दोघांकडे आहे. माझं जास्त नवं आहे.

बाबा जेवताना म्हणाले, वीस तारखेला वसतिगृहाच्या गाद्या पोचवायच्यात, एवढी मोठी ऑर्डर पुन्हा येणार नाही. तोवर गाडी जो नीट सांभाळेल तो डिलिव्हरी नेईल, आणि पुढेही गाडी त्याचीच. ताई म्हणाली, बरं. मी नुसतं डोळ्यांनी सांगितलं. आईने विचारलं, डोळ्यात काही गेलं का रे.

३ फेब्रुवारी
गाडीची पाहणी केली. परिस्थिती गंभीर.

स्टार्टर मूड असेल तरच चालतो. म्हणून गाडी कायम घरासमोर उतारावर, तोंड खाली करून उभी. गडगडू द्यायची, सेकंड टाकून क्लच सोडायचा, की चालू. हँडब्रेक नावाला आहे. तेव्हा गियर टाकायचा आणि पुढच्या चाकाखाली वीट. गाडीतून कोणीही उतरलं की बाबा विचारतात, वीट? आपण म्हणायचं, लावली. मगच चहा. इतकी सवय झालीय की आत्या परवा रिक्षातून उतरली तरी आधी लावली म्हणाली आणि मग बाबांना विचारलं, कसा आहेस.

एक वीट. चोर हसून मरतील. आजपासून सिक्युरिटीची जबाबदारी माझी, असं घरात जाहीर केलं. घरात कोणी मान वर केली नाही. संमती समजतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार
किल्लीवाल्याकडे गेलो. आमचा रस्ता घरापासून सरळ खाली जातो, मध्ये डाव्या हाताला आमचं दुकान, आणि जिथे रस्ता वळतो तिथे बरोबर नाकासमोर किल्लीवाला. दारात त्याची भली मोठी पाटी उभी असते, 'भरवशाची कुलपं'. स्टिअरिंग लॉक, गियर लॉक, साखळी आणि दरवाज्यांना कडी ठोकून वरून कुलपं, असं सगळं सांगितलं. तो म्हणाला, साहेब, गाडी आहे की बँक. मला साहेब म्हणाला. लगेच आणखी दोन कुलपं घेतली. डिझेलच्या टाकीला एक लागेल. दुसऱ्याचं बघू.

किल्ल्या सगळ्या सारख्या दिसतात, फक्त बारीक नंबर आहेत. म्हणजे चोराची सोयच की. घरी आल्यावर कानस घेऊन सगळे नंबर घासून टाकले. इतका पुढचा विचार आमच्या घराण्यात आजवर कोणी केलेला नाही.

७ फेब्रुवारी
सगळं बसवलं. गियरचा दांडा जुना, एका अंगाला कललेला, त्यामुळे गियर लॉक फक्त न्यूट्रलमध्ये बसतं. ताई म्हणाली, बाबा नेहमी गियर टाकून उभी करतात. मी म्हटलं, बाबांच्या वेळी सिक्युरिटी नव्हती. साखळी पुढच्या चाकातून काढून विजेच्या खांबाला बांधली. आता रणगाडा आला तरी ओढून नेऊ शकणार नाही. बाबा म्हणाले, रणगाड्याला आपली गाडी कशाला लागतेय.

बाबांना व्हिजन नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
अलार्म बसवला. हा माझा मास्टरस्ट्रोक. नुसता प्यां प्यां वाजला की कोणी ढुंकून बघत नाही, पण यात आपला आवाज भरता येतो. मी भरला. गाडीच्याच तोंडी. 'वाचवा हो. मला चोर नेतोय. धरा त्याला.' थोडा रडका सूर लावला, माणूस आतून हलला पाहिजे. गाडी जरा हलली की सुरू होतो, रिमोटवरही होतो.

संध्याकाळी टेस्ट केली. पूर्ण गल्ली बाहेर. न्हावी वस्तऱ्यासकट धावला, त्याच्यामागे अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक. शंभर टक्के यशस्वी. न्हावी काय म्हणाला ते लिहीत नाही, वहीचा दर्जा राखायचाय.

१० फेब्रुवारी
आणखी टेस्ट. सुतार ओट्यावर डुलक्या काढत होता तेव्हा एक. बिचारा दचकून उठला, त्याला वाटलं त्याचीच गाडी परत आली. आई भाजीची पिशवी घेऊन गाडीजवळून जात होती तेव्हा एक. टोमॅटो पार खालच्या वळणापर्यंत गेले. उतार चांगला आहे आमचा. ताई म्हणाली, याला टेस्ट नाही, खोड्या म्हणतात. टोमॅटो गोळा करून आणायला मात्र मलाच पाठवलं.

संकल्प: आता टेस्ट बंद.

१२ फेब्रुवारी
चार टेस्ट. पण आनंदाची गोष्ट अशी की आता कोणी धावत येत नाही. न्हाव्याचा वस्तरा थांबतसुद्धा नाही. आजच्या शेवटच्या टेस्टला समोरच्या मावशींनी खिडकीतून हात हलवला फक्त. म्हणजे लोक निर्धास्त झाले. माझ्या सिस्टिमवर गल्लीचा पूर्ण विश्वास बसला.

१३ फेब्रुवारी, सकाळ
रात्रभर गाडीत बसून पहारा द्यायचा ठरवलं होतं. गादी घेऊन गेलो, तिथेच चूक झाली. आमची गादी खरंच चांगली असते.

१४ फेब्रुवारी
वीट काढली.

कारण सरळ आहे. चोर लांबून वीट बघतो. त्याला कळतं, हँडब्रेक गेलेला, गाडी म्हातारी, मालक साधा. वीट म्हणजे या बसा म्हणून टाकलेली सतरंजी. साखळी असताना वीट कशाला. बाबांनी घरातून विचारलं, वीट? सवयीने तोंडातून लावली असंच आलं. साखळी लावली होती, त्यामुळे अगदीच खोटं नाही. वीट कुंपणाशी ठेवली. काही दिवसांनी बाबाच मान्य करतील.

१७ फेब्रुवारी
आज बाबांना एक गादी पोचवून हवी होती. मी कुलपं काढायला लागलो. पहिली किल्ली लागेना. दुसरी लागेना. टाकीच्या किल्लीने साखळी उघडेल असं वाटलं, नाही उघडली. बाबा खुर्ची आणून बसले. मग आईने त्यांना चहा आणून दिला. मग दुसरा दिला. शेवटी गिऱ्हाईक स्वतः आलं आणि गादी डोक्यावर घेऊन चालत गेलं. जाताना म्हणालं, गाडी चांगली ठेवलीय हं.

बाबा गिऱ्हाईक दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. प्रभावित झाले असावेत.

संध्याकाळी एकदाची सगळी कुलपं उघडली. सुधारणा: स्टिअरिंग आणि गियरच्या किल्ल्या जुडग्यातून काढून गाडीतच पुढच्या कप्प्यात ठेवल्या. दरवाज्यांना कुलूप आहेच, चोर आत जाणार कुठून? जुडगा तेवढाच हलका.

१९ फेब्रुवारी
गाद्या भरल्या. हौद्यात थरावर थर, वर ताडपत्री. बाबा उद्या सकाळी किल्ली कोणाच्या हातात देतात ते बघायचं. गाडी गेले सतरा दिवस जागेवर आहे, चोराची सावली पडलेली नाही. ताईने या काळात काय केलं? गाद्या शिवल्या. गाद्या कोणीही शिवतं.

उद्यासाठी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ
उठल्या उठल्या मोठी त्रुटी सापडली. गाडी सुरक्षित आहे, पण गाद्या? नुसत्या ताडपत्रीखाली. चोर गाडी सोडेल आणि माल नेईल. साखळी एकच आहे. विचार केला: स्टिअरिंग बंद, गियर बंद, दारं बंद, गाडी जाते कुठे. साखळी चाकातून काढली, गाद्यांभोवती करकचून आवळली, कुलूप घातलं. अलार्म चालू केला. खांब मोकळा, मन मोकळं.

आता दरवाजा घट्ट आहे का, ते एक धक्का मारून बघतो आणि आंघोळीला जातो.

तीच सकाळ
गाडी गेली.

दुपार
आता नीट लिहितो.

चाकाखाली कुठलातरी खडा अडकला होता, तेवढ्यावर गाडी उभी होती. मी दरवाज्याला धक्का दिला, खडा सुटला. न्यूट्रल. वीट कुंपणाशी. साखळी गाद्यांना. गाडी निघाली. घाईने नाही, फिरायला निघाल्यासारखी. आणि माझ्या आवाजात रडायला लागली, वाचवा हो, मला चोर नेतोय.

मी जुडगा घेऊन बाजूने पळत होतो. एक किल्ली लावतो, नाही. दुसरी, नाही. नंबर बघावे तर नंबर मीच घासलेले. गल्लीला ओरडून सांगितलं, गाडी जातेय, खरंच जातेय. न्हावी आरशातच बघून म्हणाला, चालू दे. मावशींनी खिडकीतून हात हलवला. सुतार ओट्यावर होता, त्याने कूस बदलली. स्टिअरिंग लॉक मात्र मानलं पाहिजे, गाडी एक बोटभर इकडेतिकडे झाली नाही, सरळ किल्लीवाल्याच्या रोखाने.

ताई दुकान उघडत होती. तिने गाडी बघितली, मला बघितलं, आणि रस्त्यावर कोणी नाही ना तेवढं बघून दारातल्या तयार गाद्या एकेक करून रस्त्यात फेकल्या. गाडी पहिल्या गादीवर चढली, दुसरीवर दमली, तिसरी पुढे ढकलत ढकलत गेली आणि किल्लीवाल्याच्या पाटीला टेकून थांबली. पाटीचा एक पाय मोडला. बाकी काचही तडकली नाही. किल्लीवाला बाहेर आला. मी म्हटलं, लॉक एकदम मस्त आहेत तुमची. तो मला साहेब म्हणाला नाही.

वसतिगृहाची वेळ होत आलेली. मी किल्ल्या लावतोय, अलार्म रडतोय, बाबा उतारावरून लंगडत येतायत. ताई हौद्यात चढली, ताडपत्री सारली, केबिनची मागची काच हाताने सरकवली आणि आत उतरली. ती काच कधी लागतच नाही म्हणे, घरात सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, तू विचारलंस कधी? तू जाहीर करत होतास.

कप्प्यातून किल्ल्या काढून तिने सगळं मोकळं केलं. खाली सपाट, म्हणून ढकलावी लागली. न्हावी आला, सुतार आला, दोघांनीही माझ्याकडे बघून घेतलं. मी सर्वात जास्त ढकललं. गाडी सुरू झाली आणि ताई गेली. धूर माझ्या इस्त्रीच्या शर्टावर.

गाद्या वेळेत पोचल्या. साखळी काही उघडली नाही, तिकडच्या रखवालदाराने करवतीने कापली.

बाबा जेवताना मला रागावले नाहीत. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, मला वाटलं होतं, तुला देता येईल.

२१ फेब्रुवारी
गाडी ताईकडे.

ताईने मला एकच काम दिलं. ती गाडी लावेल, मी वीट लावायची. मोजून बघितलं तर सिक्युरिटी डिपार्टमेंट अजून माझ्याकडेच आहे, फक्त साधनसामग्री कमी केलीय. अलार्म काढून टाकला. काढताना एकदा शेवटचा वाजला. स्वतःचा तो रडका आवाज ऐकवेना.

संकल्प: वीट रोज, न चुकता.

२४ फेब्रुवारी
चार दिवस वीट वेळेवर. ताई काल म्हणाली, बरी लावतोस. मी हे कोणाला सांगितलं नाही. आईला सांगितलं. आणि सुताराला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार, संध्याकाळ
वीट चोरीला गेली.

ताई आली, गाडी लावली, गियर टाकला, दुकानात गेली. मी कुंपणाशी वीट घ्यायला गेलो तर नाही. खाली नजर गेली. किल्लीवाल्याच्या पाटीच्या मोडक्या पायाखाली ओळखीची वीट. मागायला जाणार होतो. मग आठवलं, पाय कोणी मोडला.

दुसरी वीट शोधायला जावं तर गाडी सोडावी लागेल. तेव्हा पुढच्या चाकाला पाठ लावून मीच बसलोय, हे तिथेच बसून लिहितोय. पाय समोर खांबाला टेकवलेत. ग्रिप चांगली आहे.

आत्ताच बाबांनी दारातून विचारलं, वीट?

म्हटलं, आहे.