हिवाळ्याचा आधार

१८ ऑगस्ट, रविवार
सिर्पा आली होती. मुलगी माझीच, पण बोलते शाळा तपासायला आल्यासारखी. दिवसभर रासबेरी उकळून सरबत केलं, दहा लिटरचा पांढरा कॅन भरला. मग मूळ विषय. गेल्या हिवाळ्यात बोटीच्या इंजिनात पाणी राहिलं आणि गोठलं. ती म्हणते इंजिन फुटलं. मी म्हणतो तडा गेला. "बाबा, यंदा पुन्हा तसं झालं तर 'कुइक्का' बोट राउनोकाकांना देऊन टाकायची. शब्द द्या." दिला. शब्दांची मला कधीच कमतरता पडली नाही.
इंजिन गोठू नये म्हणून शेजारच्या राउनोने त्याच्या पिंपातून काढून दिलेलं अँटिफ्रीझही तळघरात तसल्याच कॅनमध्ये आहे. दोन्ही लाल. जाताना म्हणाली, तेवढी लेबलं लावा.

१९ ऑगस्ट
लेबलं लावली. 'सरबत' आणि 'अँटिफ्रीझ' असं कोणीही लिहील. पानं लाल व्हायच्या दिवसांत लागतं म्हणून अँटिफ्रीझवर 'शरदाची लाली'. थंडीत गरम करून प्यायचं म्हणून सरबतावर 'हिवाळ्याचा आधार'. अक्षर सुरेख आलं. शाळेत शेगडीपाशी उभा राहून कविता म्हणायचो, तेव्हा बाई म्हणायच्या, ओस्मो, तू खिडकीबाहेर बघत म्हणतोस. ती स्तुती होती.

७ सप्टेंबर
संकल्प: यंदा सगळं एकट्याने. यादी केली. तेल बदलणे. इंजिनातलं पाणी काढून अँटिफ्रीझ भरणे. बॅटरी घरात आणणे. ताडपत्री. यादी फार रुक्ष वाटली म्हणून वर दोन ओळी तलावाला उद्देशून लिहिल्या. संध्याकाळपर्यंत सोळा कडवी. तेल राहिलं.

२१ सप्टेंबर
राउनो कुंपणाशी उभा होता. बोलतो कमी, बघतो जास्त. बोट कधी काढणार, असं विचारलंन. मी म्हटलं, कुइक्का पक्षी अजून तलावावर ओरडतोय. तो उडाला की त्याच्या नावाची बोटही निघेल. तो म्हणाला, पक्ष्याला इंजिन नसतं.
काव्याचं अंगच नाही माणसाला.

५ ऑक्टोबर
सकाळी ९. शेवटची फेरी. पाणी काचेसारखं. लहानपण आठवलं.
दुपारी ३. आणखी एक शेवटची फेरी.
संध्याकाळी ६. पेट्रोल संपलं. राउनोने ओढून आणलं. वाटेत दोन बोटींमधल्या दोरावर उत्तम उपमा सुचली होती, पण वही घरी.

१२ ऑक्टोबर, शनिवार
राउनोच्या ट्रॅक्टरने बोट वर आली, माझ्या शेडमध्ये शिरली. इथून पुढे मी एकटा. तळघरात दोन कॅन. 'हिवाळ्याचा आधार' वाचलं आणि स्वतःचंच कौतुक वाटलं. बोटीला हिवाळ्यात दुसरा आधार कशाचा? बादलीत ओतलं, नळी सोडली, इंजिन चालू केलं. ते घटाघट प्यायलं. मागून लाल धार आली की काम झालं, असं राउनोने सांगून ठेवलंय. आली. आणि काय सुगंध! जुलैतल्या सुट्ट्या, आईचं पातेलं. डोळे भरून आले. हल्ली रसायनांतही किती सुधारणा झाल्यात.
सांडलेलं राउनोचा कुत्रा चाटायला लागला. राउनो त्याला मानेला धरून ओढतोय, विष आहे ते गाढवा, म्हणतोय, आणि हा शेपूट हलवत परत तिथेच. जनावरांना कळत नाही.
तेल वसंतात बदलू.

१३ ऑक्टोबर
कुत्रा ठणठणीत. काटक जात आहे.
सिर्पाला फोन केला. झालं म्हटलं. कोणी केलं, विचारते. मी. म्हणाली, शाबास बाबा. हे तिच्या तोंडून कधी ऐकल्याचं आठवत नाही. फोन ठेवल्यावरही बराच वेळ तिथेच बसून होतो.

६ नोव्हेंबर
उणे चौदा. तलावाच्या कडेला बर्फ. बायकोही नाही, कुइक्काही गेला, पण बोट सुखरूप आहे. गाढ झोपलो.

१० नोव्हेंबर, वडिलांचा दिवस
सिर्पा केक घेऊन आली. सरबत गरम करते म्हणून तळघरात गेली. बराच वेळ वर येईना. आली ती 'शरदाची लाली' घेऊन. "बाबा, दोन लेबलं वाचली, एकाचाही अर्थ लागला नाही. हा भरलेला आहे म्हणून झाकण उघडलं, तर रंगाच्या दुकानासारखा वास. सरबत कुठाय?"
मी म्हटलं, आधी कॉफी घेऊ.
ती म्हणाली, इंजिनात काय ओतलंत?
राउनोला बोलावलं. तो टॉर्च घेऊन शेडमध्ये गेला. परत आला आणि हात धूत राहिला. बोटं एकमेकांना चिकटत होती. शेवटी म्हणाला, जाम झालंय. कुठल्या अर्थाने, ते विचारलं नाही. तडा गेल्या वर्षीच्याच जागी आहे. म्हणजे निदान सातत्य.
सिर्पा रागावली नाही. केक कापलान, मोठा तुकडा मला दिलान. रागावली असती तर बरं झालं असतं.

११ नोव्हेंबर
शब्द पाळला. किल्ली दिली. राउनो म्हणाला, माझ्याकडे जागा नाही, बोट तुझ्याच शेडमध्ये राहू दे. बसावंसं वाटलं तर बोटीत बस. किल्ली मागू नकोस.
मग खिशातून पेन्सिल काढलीन आणि एका पुठ्ठ्यावर लिहून बोटीला टांगलंन: 'बोट. राउनोची.'
तीनदा वाचलं. यमक नाही, लय नाही. कळायला मात्र काही अडचण नाही.