थेंबही नाही

कोल्हार,
रविवार, ता. १२ मार्च १९४४

प्रिय यशया,

प्रभूच्या नावाने सलाम. ‘इकडील सर्व खुशाल’ असं सवयीने लिहायला गेलो आणि टाक कागदावरून उचलला. तुझं आसामकडून आलेलं पत्र मिळून तीन आठवडे झाले. फौजेने तुला रजा दिली नाही आणि मी तुला उत्तर दिलं नाही.

गहू निघाला. प्रवरेचं पाणी आटत चाललंय. आईला आता हाताची बोटंही नीट दिसत नाहीत, तरी कोण चर्चला आलं नाही ते तिला बरोबर कळतं. आज मी गेलो नाही, तेही तिला कळलंच असणार.

तू दोनच गोष्टी विचारल्यास. तुझ्या लिडियाने शेवटी काही मागितलं का, आणि तिला औषध वेळेवर मिळालं का. तिने पाणी मागितलं आणि ‘बाबा कवा येनार’ म्हणून विचारलं. औषध वेळेवर मिळालं. हे वाक्य खोटं नाही. तीन आठवडे मी हेच वाक्य लिहितोय आणि कागद फाडतोय.

तुला ठाऊक आहे, शाळेत दर शुक्रवारी मी दारूबंदीचा वर्ग घेतो. तू नेहमी चेष्टा करायचास, ‘दादाचा कोरड्या घशाचा वर्ग’. तो मी का सुरू केला हे मात्र तू कधी विचारलं नाहीस. काकांच्या लग्नात तू मांडवामागे पहिला पेला घेतलास तेव्हा बारा वर्षांचा होतास. मी पाहिलं आणि हसलो. पुढे तुझं काय झालं ते आपण दोघेही जाणतो. म्हणून वर्गात मी कडक झालो. पोरांकडून प्रश्नोत्तरं घोकून घेतली. ‘सणाला चालेल का? थेंबही नाही. थोरल्यांनी दिली तर? थेंबही नाही.’ साऱ्या शाळेत लिडियाचं पाठांतर पहिलं. शपथेच्या कार्डावर सही करणारीही तीच पहिली. त्या वेळी मला किती अभिमान वाटला, काय सांगू!

जानेवारीच्या अखेरीस तिची छाती भरली. डॉक्टरांनी तपासून बाटली दिली. वर कागदाची खाचा पाडलेली पट्टी, एका वेळी एक खाच. कंपाउंडर छगन बाटली देताना तिला म्हणाला, “पोरी, दवादारू येळच्या येळी केली, तर आठ दिसांत पळाया लागशील.” तो बिचारा रोज सगळ्यांनाच तसं म्हणतो. ती माझ्याकडे बघत होती. मी मात्र बैलगाडी शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खाटेशेजारी बसून शपथेची कार्डं लावत होतो. सोमवारी साहेब शाळा तपासायला येणार होते. तिने विचारलं, “मोठे बाबा, दवात दारू आसली तर?”

मला वाटलं, पोरगी तापातही प्रश्नोत्तरं म्हणतेय. मान वर न करता मी म्हणालो, “थेंबही नाही.” वर आणि “शाबास” म्हणालो.

यशया, ती मला विचारत होती. पाठ म्हणत नव्हती.

त्यानंतर औषध घेताना ती खिडकीकडे तोंड करून बसायची. “कुनी बघितलं की मला ओकारी येती,” म्हणायची. तुझी वहिनीही मग पाठ फिरवायची. बाटली खाचेखाचेने बरोबर उतरत होती. सातव्या दिवशी ती गेली. देवाची इच्छा, असं मी लोकांना सांगितलं. तुलाही तारेने तेच कळवलं.

पुरून आल्यावर तिसऱ्या दिवशी शेजारच्या गोजरबाई चटणीला पुदिना खुडायला आल्या. खिडकीखालच्या डब्यात आपला पुदिना असतो ना, तो पार करपला होता. त्या म्हणाल्या, “मास्तर, ह्या मातीला दवाखान्याचा वास येतुया की वं.” मी माती हातात घेतली. बाटलीतल्या औषधासारखी तांबडी, चिकट झाली होती. बाटलीच्या तळाशी उरलेल्या औषधाचा वास घेतला. स्पिरिटचा वास होता. तिच्या नाकाला तो दारूचाच वाटला असणार. तुझ्या अंगाला यायचा ना, तसा.

हे अजून कुणालाच ठाऊक नाही, तुझ्या वहिनीलाही नाही. गोजरबाईंना मी काहीतरी सांगून वाटेला लावलं.

परवा शुक्रवारी पुन्हा वर्ग घेतला. पोरांना फळ्यावर लिहून दिलं, दवा वेगळी आणि दारू वेगळी. डॉक्टरांनी दिलेलं औषध सगळं प्यायचं. मागच्या बाकावरची रतन उभी राहिली. “मास्तर, मग हे लिडियाला कुनी सांगितलं न्हाई का?”

मी फळा पुसत राहिलो. तिला उत्तर देण्याआधी ते तुला द्यायला हवं होतं. लिडियाला कुणी सांगितलं नाही असं नाही. मी सांगितलं. मीच उलटं सांगितलं. पुढच्या शुक्रवारी सगळ्या वर्गासमोर हेच सांगणार आहे. त्याआधी घरात.

तिचं कार्ड सोबत पाठवतो. तिच्या नावाखाली तिने पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवली आहे, ती तुझ्यासाठी. “बाबा आला की त्याला पन सही करायला लावीन,” म्हणायची. मी तुला सही कर असं म्हणत नाही. हे वाचून तू प्यायला बसलास, तर तोही पेला माझ्याच नावावर. फक्त ती रेघ खोडू नकोस.

आणि तिथे आजारी पडलास, तर डॉक्टर देतील ते औषध सगळं घे. वास कसलाही येवो.

तू नाकारलं नाहीस, तर अजून तुझा थोरला भाऊ,
अब्राहाम