सूर घरातून घ्यावा

ता. ४, सोमवार

आलो एकदाचे. घर झकास आहे. खाली घरमालकीण, मधल्या मजल्यावर मी आणि टिटवी, आणि वर ती खोली, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. टिटवी म्हणजे माझी लेक, वय सात. नाव वेगळं आहे, पण अखंड बडबडीमुळे हेच चिकटलं. हाक मारायचा अवकाश, घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून ‘ओ’ येतेच. वाचायलाही लागली आहे, फक्त जोडाक्षर आलं की त्यावरून उडी मारून पुढे जाते.

काम माझ्या आवडीचं. एका ऑनलाइन ज्ञानकोशासाठी हजारो वर्षांपूर्वीच्या संगीतावर नोंद लिहायची, त्या काळी वाद्यं कशी लावत ते शोधायचं आणि प्रत्येक तारेचा आवाज नोंदीला जोडायचा. उत्खननात सापडलेल्या एका विटेवर तार लावायची रीत कोरलेली आहे. तिच्यावरूनच मालकिणीच्या नवऱ्याने, तो सुतार, वरच्या खोलीतलं वाद्य घडवलं: चार तारा, खाली पोकळ पेटी. तो कुठे असतो विचारलं, तर मालकिणीने पाटीवर लिहिलं, ‘गेले.’ बाईंना बोलता येत नाही. टिटवीला मधे न बोलता ऐकणारं माणूस मिळालं, आणखी काय हवं.

ता. ५, मंगळवार

वाद्याशी ओळख झाली. पहिली तार कुणीतरी आधीच लावून ठेवलेली, आणि इतकी सुरेल की बोट उचलवेना. बाकीच्या सैल. पेच असा, की विटेवर मोजमाप काहीच नाही. एवढंच वाक्य: ‘सूर घरातून घ्यावा.’ घर म्हणजे तारांखालची पेटी, असं आजवर सगळ्या पंडितांनी धरलं आणि पेटीवर टकटक करत बसले. हाती काही लागलं नाही. मीही दिवसभर डोकं खाजवलं, आणि भाजी चिरताना डोक्यात उजेड पडला. घर म्हणजे घर. घरातली माणसं. सूर त्यांच्या गळ्यातून घ्यायचा! संपादकांना कळवलं, ते बेहद्द खूश. मी तर हवेतच आहे.

ता. ६, बुधवार

सकाळी टिटवीला वर नेलं आणि म्हटलं, जरा सूर दे. तिने ‘आ’ लावला, मी दुसऱ्या तारेची खुंटी पिळत गेले. एका क्षणी तार आणि तिचा गळा असे मिळाले की कुठला आवाज कुणाचा ते कळेना. आनंदाने अंगावर काटा आला. ध्वनिमुद्रण लगेच पाठवलं, संपादकांनी दुपारीच ते नोंदीला जोडलं.

टिटवीचा घसा बसलाय. सारखी ओरडते, दुसरं काय. गरम पाणी दिलं.

ता. ८, शुक्रवार

घसा बसलेला नाही. आवाजच नाही. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं, सगळं ठीक आहे म्हणाले. ती ओठ हलवते आणि काही येत नाही. रडते तेही मुकाट.

सूर दे म्हटलं मी, आणि तिने देऊन टाकला. हा विचार वेडगळ आहे, कळतं मला. तरी खाली जाऊन मालकिणीला सांगितलं. तिने पाटीवर लिहिलं की पहिली तार तिची आहे. तिचा सूर नवऱ्याने घेतला होता. पुढे लिहिताना खडू मोडला, आणि तिने दुसरा घेतला नाही.

ता. ९, शनिवार

भरदुपारी वरून हाक आली. ‘आई.’ टिटवीचाच आवाज. आणि टिटवी माझ्या मांडीवर झोपलेली.

मी ओ देणार, तेवढ्यात समोर बसलेल्या मालकिणीने झेप घेऊन माझं तोंड दाबलं. मग सगळं लिहिलं. तिच्या आवाजातही अशीच हाक आली होती. सुताराने ओ दिली आणि वर गेला. खोलीत नंतर फक्त त्याच्या चपला होत्या. मग तिने तार तोडून पाहिली म्हणे. दुसऱ्या दिवशी जागेवर होती.

संपादकांचा निरोप: आवाजात मधेच एक मूल ‘आई’ म्हणतं अशी वाचकांची तक्रार आहे. मी म्हटलं, आधी ते काढून टाका. काढलं, पण नकला सगळीकडे पसरल्यात म्हणतात.

आता पळायचं तरी कुठे? कुणाच्याही फोनमधून ती मला हाक मारेल.

ता. १०, रविवार

विटेच्या फोटोत कोपऱ्यातली झिजलेली ओळ लागली. ‘बदली सूर दिला तर घेतलेला सुटतो.’ देणार मी माझा. उद्या सकाळी माझी बहीण येऊन टिटवीला घेऊन जाईल. तोवर तिच्या कानांत कापूस. घाबरेल म्हणून हाकेचं तिला सांगितलेलं नाही. माझा आवाज मी कुणाला पाठवणार नाही, म्हणजे तो या घराबाहेर जाणार नाही. भीती वाटते. पण तिचं ते मुकं रडणं—

संध्याकाळ. दिला. गळ्यातून दोरा ओढून काढावा तसं झालं. खालून टिटवी ओरडली, बोलता येतंय म्हणाली. मी हसले. हसण्याला आवाज नव्हता.

ता. ११, सोमवार

बोलतेच आहे. कालपासून थांबलेली नाही. बहिणीची गाडी उशिरा—

टिटवी कुठे

न्हाणीघरात. कडी आतून. कापूस बाहेर, कोनाड्यात. भिजू नये म्हणून काढून ठेवला असेल—

वरून हाक. माझी. तिचं खरं नाव घेऊन. मी मारते तशीच, लाडाने, शेवटी लांबवून—

नळ चालू आहे. ऐकू गेलं नसावं. दार बडवते आहे. आवरते म्हणाली, दार बडवू नकोस म्हणाली. घाई करते आहे असं वाटतंय तिला—

हे पान फाडून दाराखालून सरकवते. जोडाक्षर नको. एकही नको.

नळ बंद झाला.

टिटवी, हे वाच. वरची हाक माझी नाही. मी दाराबाहेर आहे. मला बोलता येत नाही. कडी काढ. काहीही ऐकलं तरी ओ देऊ न