मधल्या पट्टीचा डबा

आई, तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. तू साजगाव सोडलं नाहीस आणि मीही चौकच्या पलीकडे फारशी गेले नाही. हेही कुठे टाकायचं नाहीये. डिप्लोमा करून मी चौकला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागले तेव्हा तुला वाटलं, पोरगी मार्गी लागली. आणि पोरगी सुट्टीच्या दिवशी तुझ्याच स्वयंपाकघरात, तेलाच्या रिकाम्या डब्यात, पेटीसारखं वाजणारं यंत्र बसवत होती.

भिंतीवर मी आलेखाचा कागद चिकटवला होता. आवाजाची एक लाट, तिचे सोळा तुकडे. प्रत्येक तुकड्याची उंची एकेका रेझिस्टरने ठरवायची आणि मोजणी करणारी चिप ते तुकडे ओळीने, पुन्हा पुन्हा वाचत राहणार. तू भाकरी थापता थापता बघतेस. "लाट म्हनतेस, मग पायऱ्या कशाला काढल्यास गं?" मी म्हणते, आकड्यांनी काढली की पायऱ्याच होतात. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा तू स्टो बंद करून ऐकलंस. "डब्यात माशी अडकलीय," एवढंच म्हणालीस. मला इतका राग आला की बरेच दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही. त्या रागातच पायऱ्या बोथट करणारा कपॅसिटर जोडला, आणि आवाज खरंच मऊ झाला.

त्याच सुमारास तुझ्या गळ्यातली गाठ काढली. विहारात जयंतीचं गाणं दरवर्षी तूच म्हणायचीस. ऑपरेशननंतर आवाज राहिला, पण काळी चारवरून खाली उतरला. पेटीवाले मामा घरी येऊन बसले. पांढरी चारवर तुझा आवाज बसून जायचा, वरच्या काळी तीनवर फाटायचा. मामांनी दोन्ही पट्ट्या पुन्हा पुन्हा धरून बघितल्या. "ह्या दोगींच्या मदी पट्टीच नाय, बाय. मी तरी काय करू?" तू म्हणालीस, "मग यंदा नाय गात," आणि भांडी घासायला उठलीस. तुझी पाठ बघून मी घाबरले. गाणं सुटलं तर तू किती उरशील, हे मला कळेना.

माझ्या डब्यात सगळे सूर चिपला चालवणाऱ्या एकाच विजेच्या ठोक्यातून निघायचे. तो ठोका मंद केला की सगळे सूर एकदम, सारखे खाली येतात. वाजवणाऱ्याची बोटं मात्र आपल्या जागी. मी ठोक्यावर एक फिरतं बटण बसवलं आणि तुझ्या हातात दिलं. तू गुणगुणत ते हळूहळू फिरवलंस, थांबलीस, पुन्हा जरासं मागे घेतलंस. "हितं. हितं मोकळं वाटतंय."

जयंतीला मामांनी आपली पेटी मिटली आणि ते माझ्या डब्यावर पट्ट्यांच्या जागी लावलेल्या डोअरबेलच्या बटणांपुढे बसले. "ह्याला भाता नाय, जीव कुटनं यायचा," असं पुटपुटत वाजवायला लागले. पहिल्या कडव्यानंतर तू पाण्याला थांबलीस. लोकांना वाटलं, संपलं. मग तू उरलेलं सगळं गायलीस. मी स्पीकरशेजारी उभी राहून रडत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

गेल्या आठवड्यात विहारातली एक मुलगी डबा मागायला आली. तू गेलीस, तरी अजून वाजतो तो. तिचा गळा उंच, म्हणून मी बटण फिरवून तिच्या सुरावर आणलं. जयंतीला ती छान गायली. डबा परत आला तेव्हा मी बटण पुन्हा तुझ्या सुरावर आणायला बसले. बटणाशी खूण कधी केली नव्हती. सूर कानात आहे असं धरून चालले होते. दुपारभर फिरवत बसले. पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मध्ये कुठेतरी, एवढंच सांगता येतं. प्रत्येक जागी वाटलं, हाच असेल. आई, तुझा सूर मला आठवत नाही.