बांधावरचं शेवटचं दार

९ जानेवारी १९५१

पोचले एकदाची! गावच्या शाळेची नवी बाई म्हणून बांधावरचं अगदी शेवटचं घर मला मिळालंय. पुढे गोठलेलं सरोवर, मागे गायरान. रॉटरडॅमच्या त्या कोंदट खोलीनंतर हे म्हणजे राजवाडाच. घर शेजारच्या फ्राउक्येमावशींचं. लढाई संपल्यावर त्या बाजूच्या छोट्या घरात राहायला गेल्या. आल्या आल्या त्यांनी वाटाण्याचं दाट सूप आणून दिलं आणि सोबत टोमणेही. माझे बूट म्हणे बुटांच्या दुकानातच शोभतात, इथल्या शेणात नाहीत.

एकच नवल. घराचं पुढचं दार आतून खिळे ठोकून बंद केलेलं. या भागात सगळे मागच्या दाराने, गोठ्याकडून ये-जा करतात. पुढचं दार लग्नाला आणि शवपेटीला, हे मलाही ठाऊक आहे. पण म्हणून खिळे? मी पक्कड घेऊन सगळे उपटले, दारातल्या काचेवरची फळीही काढली. केवढा उजेड आला! मावशी म्हणाल्या, "वाऱ्याची एवढी हौस असेल तर छप्परच काढा ना, बाई!" हसल्या मात्र नाहीत. सूप तसंच टाकून गेल्या.

१२ जानेवारी

चर्चसमोर स्मारक उभं राहतंय. लढाईत एक इंग्रज बॉम्बफेकी विमान इथल्या सरोवरात कोसळलं होतं. त्याचा वाकलेला पंखा कोळ्यांनी वर काढलाय, तो दगडावर बसवणार. खाली सात नावं. त्यातला सगळ्यात लहान विल्फ्रेड हॅडली, एकोणीस वर्षांचा. सत्तावीस तारखेच्या अनावरणाला त्याची आई येणार आहे, आणि गावात इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणून ती माझ्याकडेच उतरेल. पाद्रीबुवांनी बजावलंय की मुलगा विमानातच क्षणात गेला असं तिला कळवलेलं आहे, त्यापलीकडे बोलू नये.

माझा भाऊ रॉटरडॅमच्या आगीत गेला. आई शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिली, तो कुठे सापडला, कसा होता. कोणी धड उत्तर दिलं नाही. या बाईला माझ्या घरात काही कमी पडू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलंय. तिच्यासाठी नवी दुलई शिवायला घेतली.

१६ जानेवारी

पहाटे, धारांच्या वेळेला, पुढच्या दारावर थापा. तीन. मग जरा थांबून पुन्हा तीन. शाल ओढून दार उघडलं तर कोणी नाही. पायरीवर पाणी होतं, बघता बघता त्याचा बर्फ झाला. चौथीतल्या टोळीचा प्रताप असणार. शाळेत चांगलं फैलावर घेतलं, तर सगळी एका सुरात म्हणाली की आम्ही गोठ्यात होतो, बाई, घरी विचारा. घरी विचारलं. गोठ्यातच होती. पण मी थापांबद्दल विचारताच प्रत्येक घरात काहीतरी उतू जायला लागलं.

१९ जानेवारी

आज आधीपासून जागी होते. थापा बांधाच्या त्या टोकापासून सुरू होतात. पहिलं घर, दुसरं घर. प्रत्येक घरात दिवा आहे, माणसं उठलेली आहेत, दार कोणीही उघडत नाही. कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. असं एकेक घर घेत शेवटी माझ्याकडे. मी कडीवर हात ठेवला. काचेवर बाहेरून वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती. कुणी कपाळ टेकून श्वास घेत असावं तशी.

कडी काढली नाही.

२१ जानेवारी

मावशींना गाठून विचारलंच. त्या मोजे विणत होत्या. हात थांबला नाही, बोलणं मात्र अडखळत होतं.

तो विल्फ्रेड विमानातून जिवंत बाहेर पडला होता. पोहत, बर्फ फोडत बांधावर आला. "परक्या मुलखातलं पोर ते, त्याला काय ठाऊक मागून यायचं असतं? पुढच्या दारावर थाप म्हणजे आमच्यासाठी जर्मनच. आमच्या जमिनीच्या फळ्यांखाली एक ज्यू बाई आणि तिची लेक लपलेली होती. आम्ही दिवा मालवला आणि श्वास रोखून बसलो. मागच्या दाराने आला असता ना, तर यातल्या कुठल्याही घरानं त्याला पोटाशी धरलं असतं हो!"

उजाडल्यावर तो माझ्या याच पायरीवर सापडला. दाराला डोकं टेकून बसलेला, कपड्यांचा बर्फ झालेला. सगळ्या गावाने मिळून ठरवलं, विमानातच गेला म्हणायचं.

मी म्हटलं, मग आता तरी उघडायचं. मावशी म्हणाल्या, "उघडलं की! तीन हिवाळे उघडलं. कोणी नसतं. तेव्हा उघडायचं होतं, बाई." म्हणून खिळे.

दोघी रडलो. मला त्या मुलाची भीती वाटते, आणि भीती वाटते याची लाज वाटते.

२४ जानेवारी

रोज येतो. आज थापांच्या मध्ये दात वाजल्याचा आवाज. बोलला एक शब्द. इंग्रजी. "प्लीज."

संध्याकाळी खिळे पुन्हा ठोकले. मावशींनी एकेक हातात दिला. आता मीही यांच्यातलीच झाले.

२६ जानेवारी

सरोवरातला बर्फ आणखी वाढून पलीकडून येणारी बोट अडकली. हॅडलीबाई उद्या दुपारपर्यंत येत नाहीत, असा निरोप. बरं झालं. पहाटेचं तिच्या कानांवर पडायला नको. दुलई पूर्ण झाली.

२७ जानेवारी, पहाट

बर्फ पडतोय. दुधाची गाडी आज बांधाच्या तोंडाशी जास्तच थांबली.

थापा सुरू झाल्या. पहिलं घर. कोणी उघडत नाही. मी लिहीत बसते, म्हणजे हात दुसरीकडे जाणार नाही.

मावशींचं दार. त्यांचा दिवा विझला.

माझं—

आज थापा हलक्या आहेत. दमलेल्या.

कुणी बोलतंय. बाईचा आवाज— शाळेच्या बाईंचं घर हेच का, विचारतेय. इंग्रजीत.

दुधाच्या गाडीने— देवा, ती आलीये. आणि एकेका दाराने तिला—

ओरडले. मागून या, हॅडलीबाई, मागून, इथे खिळे—

ऐकत नाहीये. थापा थांबल्या. आता ती माझ्याशी बोलत नाहीये. खाली वाकून कुणाशी तरी—

म्हणतेय, तू इथे बसलायस होय रे. किती गारठलास. कोणी आत घेतलं नाही का माझ्या बाळाला—

सरक जरा, म्हणतेय, मी बसते तुझ्याजवळ—

मागून धावत गेले तर अजून वेळ आहे. उठायला हवं. उठतेच आहे, एवढं लिहिलं की—